अर्धसावलीतली अबोली: आधी वाफा, मग पावसाळा, शेवटी रोप

गोव्यात अबोली मरते ती बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये, आणि दोष पावसाच्या माथी जातो. कारण मात्र मे महिन्यातलं असतं. घाईघाईत खणलेला वीतभर खड्डा, त्याच्या तळाशी न फुटलेला जांभा आणि वर नर्सरीतून आणलेलं फुलांनी लगडलेलं रोप. पहिल्या सरींत ते तरारून उठतं आणि आपण निर्धास्त होतो. मग खड्ड्यात पाणी साचतं, मुळं गुदमरतात, आणि चतुर्थीच्या तयारीत घर गुंतलेलं असताना हिरवंगार झुडूप दोन दिवसांत मान टाकतं.

म्हणून इथे क्रम वेगळा दिला आहे. वाफा एप्रिल-मेमध्ये करायचा, तो एक आख्खा पावसाळा अबोलीविना ठेवायचा आणि रोप ऑक्टोबरमध्ये लावायचं. इतके महिने थांबणं जिवावर येतं हे खरं. पण या काळात वाफ्याचे दोष आपोआप उघडे पडतात, आणि ते सुधारताना एकही झाड गमवावं लागत नाही.

परदेशी बागांचे व्हिडिओ बघून सावलीसाठी बारमाही जिरॅनियमचं बी मागवणारेही बरेच आहेत. ते थंड हवेचं झाड आहे, आपल्या दमट उकाड्यात तग धरत नाही. अर्ध्या सावलीतली ती जागा इथे अबोली उत्तम भरते, वर फातीला (फुलांच्या माळेला) फुलं मिळतात ती वेगळीच.

टप्पा १: सावली मोजा (डिसेंबर आणि मे)

अबोलीला सकाळचं चार-पाच तास कोवळं ऊन आणि दुपारी आडोसा मिळाला की ती खूश. भर उन्हात पानं फिकट पडून कडा करपतात. दाट सावलीत झाड उंच, किडकिडीत होतं आणि फुलांचे तुरे मोजकेच येतात. ‘अर्धसावली’ म्हणून आंब्या-फणसाच्या बुंध्याशी लावलेली अबोली या दुसऱ्या प्रकारात मोडते. ती अर्धसावली नव्हेच, तिथे दिवसभर काळोख असतो.

गंमत अशी की आपल्याकडे सावली ऋतूप्रमाणे घराची बाजू बदलते. गोवा साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरमध्ये भरदुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला, सुमारे ५१ अंश उंचीवर असतो. तीन मीटर उंचीच्या भिंतीची सावली तेव्हा उत्तरेला जवळजवळ अडीच मीटरपर्यंत पडते. उलट मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे घराच्या उत्तरेची जी पट्टी थंडीत दिवसभर सावलीत होती, तिच्यावर मे महिन्यात ऊन उतरतं. जागा एकदाच, तीही सुट्टीच्या दिवशी दुपारी बघून ठरवली की इथेच फसायला होतं.

१. डिसेंबरमधला एक आणि मेमधला एक असे स्वच्छ उन्हाचे दोन दिवस निवडा.
२. सकाळी आठ, दहा, बारा, दुपारी दोन आणि चार वाजता सावलीच्या कडेवर दगड ठेवत जा.
३. दोन्ही महिन्यांत सकाळचं ऊन मिळणारी पट्टी पकडा. बहुतेक घरांना ती पूर्वेला सापडते. नाहीतर माडांच्या रांगेत, जिथे झावळांतून ऊन गाळून येतं तिथे.

माडाजवळ लावणार असाल तर बुंध्यापासून किमान दोन मीटर दूर राहा. माडाची बहुतेक अन्न घेणारी मुळं त्या घेरात असतात. तुम्ही घातलेलं खत माडच खाईल, आणि खणताना त्याची मुळं तुटतील ते निराळंच.

सावध: कौलांच्या पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेपासून दोन फूट आत किंवा बाहेर सरका. जुलैत ती धार रोपाच्या बुडाची माती उकरते आणि चिखल पानांवर उडवते. पानांवरच्या बुरशीला एवढं निमित्त पुरतं.

टप्पा २: पाण्याचा निचरा तपासा (एप्रिल)

हा टप्पा सगळेच गाळतात, कारण एप्रिलमध्ये जमीन इतकी तहानलेली असते की ओतलेलं पाणी दिसेनासं होतं. तेवढ्यावर समाधान मानू नका.

१. फूटभर लांब-रुंद आणि फूटभर खोल खड्डा घ्या. पिकास दगडावर आपटायला लागली तर किती खोलीवर, ते लिहून ठेवा.
२. खड्डा काठोकाठ भरा आणि पाणी पूर्ण जिरू द्या.
३. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा. खरी परीक्षा ही. काठी उभी करून तिच्यावर पाण्याची पातळी खुणेने दाखवा आणि तासाभराने मोजा.

तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी पाणी उतरत असेल तर त्या जागी सपाट जमिनीत अबोली लावू नका. खाली जांभ्याचा सलग थर असेल, तर तुमचा खड्डा म्हणजे दगडात कोरलेलं भांडं. त्यात कितीही चांगली माती भरा, पावसाळ्यात तिचा चिखलच होणार. पहारीने तळाला दोन-चार भोकं पाडून हा प्रश्न सुटत नाही. वाफा उंचच करावा लागतो.

माझं मत विचाराल तर गोव्यात निचरा चांगला निघाला तरी वाफा उंचच करावा. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात सपाट वाफ्याचा हट्ट कशाला?

टप्पा ३: माती आणि वाफा (एप्रिल अखेर ते मे)

वाफ्याची उंची २० ते २५ सेंटिमीटर आणि रुंदी तीन-साडेतीन फूट ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि आत पाय टाकावा लागत नाही. कडेला चिरे उभे लावा, पण ते सिमेंटने जोडू नका. दर दोन चिऱ्यांमध्ये बोटभर फट राहिली पाहिजे. पाणी तिथूनच बाहेर पडतं. कडा सुबक दिसावी म्हणून फटी लिंपल्या, तर वाफ्याची टाकी झाली म्हणून समजा.

मातीचं माप घमेल्याने:

– दोन घमेली लाल माती
– एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत (वास येत असेल, हाताला गरम लागत असेल तर अजून कच्चं आहे)
– एक घमेलं जाड रेव किंवा जांभ्याची बारीक खडी, मटारएवढी
– अर्धं घमेलं भाताचा तूस

समुद्रावरची रेती आणून घालू नका. तिच्यात मीठ असतं आणि मीठ अबोलीला चालत नाही. भरतीचं खारं पाणी झिरपणाऱ्या विहिरीचं पाणीही तसंच. ते पाणी तोंडात मचूळ लागत असेल, तर बागेला नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या.

आपली जांभ्याची माती बहुधा आम्लधर्मी असते. अबोलीला सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आम्लतेचं माप) ६ ते ७.५ च्या दरम्यान बरा. विभागीय कृषी कार्यालयात माती तपासणीची चौकशी करा. सामू ५.५ च्या खाली आला, तरच दर चौरस मीटरला मूठ-दोन मूठ डोलोमाइट मिसळा. अंदाजाने चुना टाकू नका. नव्या बांधकामाशेजारच्या जमिनीत तर सिमेंटचा राडारोडा आधीच मिसळलेला असतो आणि तिथे उलटाच त्रास होतो: लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात. चुलीची राख ओतणाऱ्यांचंही असंच होतं.

सूत्रकृमींचा बंदोबस्त

अबोलीचा खरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. सूत्रकृमी, म्हणजे मातीतले धाग्यासारखे सूक्ष्म कृमी, मुळांना जखमा करतात आणि त्या जखमांतून फ्युजेरियम ही मर रोगाची बुरशी आत शिरते. दोघं एकत्र आले की झाड वाचत नाही. याचा इलाज लागवडीआधीच होऊ शकतो. नंतर फारसं काही हातात राहत नाही.

पारदर्शक प्लास्टिक पसरून माती तापवण्याची पद्धत अनेकांना ठाऊक आहे, पण ते प्लास्टिक सावलीतल्या वाफ्यावरच अंथरलं जातं. तिथे माती तापणार कशी? त्यापेक्षा वाफ्यात घालायची माती उघड्या अंगणात न्या, वीतभर जाडीचा थर करा, पाणी शिंपडून ओलसर करा, पातळ पारदर्शक प्लास्टिकने झाका आणि चारी कडा मातीने दाबून टाका. एप्रिल-मेचं कडक ऊन चार ते सहा आठवडे मिळू द्या. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. शेणखत आणि निंबोळी पेंड यानंतर मिसळायची. पेंडीचं प्रमाण दर चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम.

तपासणी: मेअखेर वाफा भरून तयार, फटी मोकळ्या, वर पातेऱ्याचा (वाळक्या पानांचा) पातळ थर. रोप मात्र अजून एकही नाही.

टप्पा ४: वाफ्याचा पावसाळा (जून ते सप्टेंबर)

वाफा रिकामा ठेवणं कोणालाच पाहवत नाही. मग त्यात बुटका, तांबूस-पिवळा फ्रेंच झेंडू लावा. त्याची मुळं सूत्रकृमींना मारक असतात. अर्ध्या सावलीत झेंडूला फुलं कमी येतील, पण इथे काम मुळांचं आहे. दसऱ्याला तोरणापुरती फुलं निघाली तर तो वरचा लाभ.

जुलैत, तीन-चार दिवस सलग पाऊस झाल्यावर, छत्री घेऊन वाफ्यापाशी उभे राहा. पाऊस थांबून अर्धा तास झाला तरी पाणी चकाकत असेल तर ती जागा खुंटी ठोकून दाखवा. फटींतून पाणी बाहेर येतंय की नाही तेही बघा. माती एका बाजूला खचली असेल तर तेही टिपून ठेवा. या खुणा ऑक्टोबरमध्ये लागतील.

टप्पा ५: रोपं तयार करा (त्याच पावसाळ्यात)

बाजारात दोन तऱ्हा दिसतात. घरोघरची शेंदरी-नारिंगी अबोली बियांपासून येते. गडद नारिंगी, मोठ्या पाकळ्यांची ‘दिल्ली’ जात वांझ आहे, तिला बी धरत नाही. तिचे तुरे सुकवून बी शोधत बसणारे लोक मी पाहिले आहेत. ती फाट्यांवरूनच वाढवावी लागते.

फाटे लावताना

१. अर्धवट पिकलेली, ना अगदी कोवळी ना तपकिरी, अशी फांदी निवडा. त्यावर तुरा असेल तर खुडून टाका.
२. ८ ते १० सेंटिमीटरचा फाटा पेऱ्याच्या लगेच खाली धारदार पात्याने कापा. वरची दोन पानं ठेवा, मोठी असतील तर अर्धी छाटा.
३. खालचं टोक मुळं फुटण्याच्या पावडरीत टेकवा, जादाची झटका.
४. कोकोपीट आणि जाड रेव समप्रमाणात भरलेल्या पिशवीत दोन पेरी आत जातील असा खोचा.
५. बाल्कांवात (घराच्या दारापुढच्या छपराखालच्या बैठकीत) किंवा पडवीत, उजेडात पण थेट पावसाबाहेर ठेवा.

पावसाळी हवेत ओलावा असतोच, त्यामुळे वर प्लास्टिकची बाटली उलटी घालायची गरज क्वचित लागते. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. रोज उपटून बघू नका. पानाला हलकासा हिसका द्या, फाटा अडून राहिला की मुळं आली.

बियांपासून करताना

अबोलीची सुकी बोंडं पाण्याचा थेंब लागताच फट्कन फुटतात आणि बी दूर उडतं. त्यामुळे बी गोळा करायचं ते कोरड्या दिवसांत, तुरा तपकिरी होत आला की त्यावर मलमलची पिशवी बांधून. बी ताजंच पेरा, जुनं नीट उगवत नाही. पेरणी अगदी वरवर करून चिमूटभर रेतीने झाका. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात आणि दोन महिन्यांत रोप लावण्याजोगं होतं.

नर्सरीतून आणणार असाल तर फुलांकडे बघू नका. पिशवीच्या तळाची भोकं बघा: मुळं पांढरी हवीत. काळी, मऊ किंवा गाठी आलेली दिसली तर ते रोप फुकटही घेऊ नका, त्या मातीबरोबर रोग घरी येतो.

सावध: कोवळ्या रोपांवर रात्री गोगलगाई तुटून पडतात. मोठ्या आफ्रिकी गोगलगाई उघड्या हाताने उचलू नका, हातमोजे घाला आणि नंतर हात धुवा. गोगलगाई मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या घरात कुत्रा-मांजर असेल तर आणूच नका, त्या त्यांच्या जिवावर बेततात.

टप्पा ६: लागवड (ऑक्टोबर)

परतीचा पाऊस ओसरला, सकाळी दव पडू लागलं की लावा. झेंडू मुळासकट उपटा. खुंटी ठोकलेल्या जागी माती आणखी चार बोटं चढवा किंवा ती जागा सोडून द्या. वाफा पायाने तुडवू नका.

१. रोपं आधी आठवडाभर पडवीतून बाहेर काढून सकाळच्या उन्हाची सवय लावा. थेट बाहेर लावलेलं रोप दुसऱ्या दिवशी पानं पाडतं.
२. ओळीत एक फूट आणि दोन ओळींत दीड ते दोन फूट अंतर ठेवा. सुरुवातीला वाफा उघडाबोडका दिसतो. मध्ये आणखी रोपं खुपसण्याचा मोह आवरा, पुढच्या पावसाळ्यात झाडांमधून हवा खेळायला ती जागा लागणार आहे.
३. संध्याकाळी लावा. पिशवी पूर्ण काढा. ‘कुजेल आपोआप’ म्हणून पिशवीसकट पुरलेली रोपं दोन वर्षांनी उपटली तरी तशीच पिशवीत असतात.
४. रोपाचं बूड वाफ्याच्या पातळीपेक्षा बोटभर वर राहू द्या. पिशवीत होतं त्यापेक्षा खोल कधीच नको.
५. माती हाताने दाबा, पाणी द्या. पातेरा पसरा, पण खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा.

पहिल्या महिन्यात येणारे तुरे खुडून टाका. हे काम कोणी करत नाही, कारण फूल दिसलं की हात थबकतो. पण तेव्हा खुडलेल्या तुऱ्यांच्या बदल्यात फांद्या फुटतात, आणि अबोलीत फांदी म्हणजे पुढचा तुरा.

टप्पा ७: पाणी, खत, तोडणी

पाण्याचं वेळापत्रक देत नाही, बोट घाला. दोन पेरं खोल माती कोरडी लागली तरच पाणी. मार्च ते मे हे बहुधा एक दिवसाआड येतं, डिसेंबरमध्ये आठवड्याला दोनदा पुरतं. सकाळी, बुडाशी, पानं न भिजवता.

तपासणी: दुपारी कोमेजलेलं झाड संध्याकाळी सावरलं तर ऊन जास्त झालं होतं, एवढंच. पहाटेही मान खाली आणि माती ओली असेल तर मुळं सडताहेत. अशा झाडाला पाणी देणं ही सगळ्यात घातक चूक आहे, आणि नेमकं तेच केलं जातं.

खतात हात आखडता ठेवा. ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत दर झाडाला दोन मुठी कुजलेलं शेणखत. फुलं चालू असताना महिन्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला तीन ग्रॅम, ओल्या मातीत. जून ते सप्टेंबर काहीही नाही. जुनी पानं शिरांमध्ये पिवळी पडून शिरा हिरव्या राहत असतील तर मॅग्नेशियम कमी आहे, लिटरला पाच ग्रॅम एप्सम सॉल्ट फवारा. कोवळी पानं तशी दिसली तर आधी निचरा आणि राख-चुना तपासा, खताकडे नंतर वळा.

तुरा खालून वर उमलत जातो. फुलं सकाळी लवकर, एक दिवसाआड, नुसती ओढून काढा, हिरवा तुरा मोडू नका. वरचं शेवटचं फूल झालं की मात्र तुरा देठासकट खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापा. सुके तुरे झाडावर राहिले की झाड बी पिकवण्यात गुंततं आणि नवे तुरे लांबतात.

मावा, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण येतात, आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर यांच्यापैकी कोणीतरी आहेच. लिटरला पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा, आठवड्याने पुन्हा.

टप्पा ८: झाडाचा पहिला पावसाळा

मेच्या मध्यावर आतल्या दाटीच्या, जमिनीला टेकलेल्या फांद्या काढा. वरून झुकणारी आंब्या-फणसाची फांदी उतरवायची असेल तर तीही आत्ताच. पातेरा मागे ओढा, फटींतली माती काडीने मोकळी करा. शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवलेलं मिश्रण प्रत्येक बुडाशी मूठभर द्या. त्याच पंधरवड्यात तांब्याचं बुरशीनाशक ओतू नका, नाहीतर आपणच घातलेली चांगली बुरशी आपणच माराल.

मोठी छाटणी पावसात करू नका, ओल्या जखमा बुजत नाहीत. ऑक्टोबरमध्ये झाड फूटभर उंचीवर आणा.

एखादं झाड मेलंच तर भोवतालच्या मातीसकट काढा आणि मुळं धुऊन बघा. गाठी किंवा तपकिरी चट्टे दिसले तर ते खतखड्ड्यात टाकू नका, सुकवून जाळा. फावडं धुवा. त्या खड्ड्यात पुन्हा अबोली लावू नका, पुढचा पावसाळा झेंडूला द्या.

दोन-तीन वर्षांनी झाड खोडाळ होतं, तुरे आखूड येऊ लागतात. त्याला खतं चारत बसण्यापेक्षा तिसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये त्याचेच फाटे पडवीत लावा.

कुंडीत लावणाऱ्यांनी बारा इंची कुंडी घ्यावी, मातीत रेव जरा जास्त घालावी आणि मेअखेर कुंडीखालची बशी काढून तिच्या जागी दोन विटा ठेवाव्यात.